अर्धं समुद्राचं

संस्थेच्या आठ बायका गेलो होतो मालवणला,
गोंदियाहून दोन रात्री आगगाडीत बसून.
कागदावर लिहिलं होतं, प्रशिक्षण.
आम्ही समुद्र बघायला गेलो.

नावेत चढता चढता धुरपतानं विचारलं,
"याचा पल्याडचा काठ कोठी हाय जी?"
बाबली तांडेल हसला.
मला हसू आलं नाही.
खैरबोडीच्या तळ्याला चारही बाजूंनी काठ आहे
आणि प्रत्येक काठाला कुणाचं तरी नाव.

आमचा डोंगा पाण्यावरून सरकतो.
ही नाव पाण्याशी भांडत होती.
उर्मिला ओकली, पदरानं ओठ पुसले, म्हणाली,
"मले पुढंच बसवा."

मग, "थंय बगा, थंय!"
काळी ओली पाठ वर आली, गेली.
दुसरी आली. फुस्स करून श्वास सुटला,
गोठ्यात म्हैस कूस बदलते तसा.
मरळही येते वर हवा घ्यायला,
पण चोरासारखी, शेवाळ बाजूला सारून.
हा सांगून आला.
मासा नाही तो, बाबली म्हणाला, पिलांना दूध पाजतो.
सरूबाईनं पदर सावरला,
जणू कुणाच्या घरात न विचारता शिरलो होतो.

पांढऱ्या पोटाचा गरुड खडकावर बसला होता,
काकण म्हणतात त्याला.
पंजात साप, अजून दोरीसारखा हलणारा.
आमच्याकडे घोंगल्याफोड बिचारा
दिवसभर एकेक गोगलगाय फोडत बसतो.

किनाऱ्याला लागलो तेव्हा पाणी मागं गेलं होतं.
बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करत होते, मोहरीएवढ्या,
आणि आमचं पाऊल वाजलं की सगळे एकदम घरात.
पाणी दिवसातून दोनदा जातं, दोनदा येतं,
कुणी बोलवावं लागत नाही, बाबली म्हणाला.
आमचं वर्षातून एकदाच जातं.
तेव्हा आम्ही उतरतो गुडघाभर गाळात,
बेशरम उपटतो, देवधान लावतो,
मासोळीला अंडी घालायला जागा हवी म्हणून.
हे मी त्याला सांगितलं.
तो बराच वेळ आमच्या हातांकडे बघत राहिला.

दुपारी ताटात बांगडा, आणि वाफेवर तोंड उघडलेल्या तिसऱ्या.
सरूबाईनं एक काटा काढला, दुसरा काढला.
"जलमभर खाऱ्या पान्यात राह्यला,
मंग याले वरून मीठ काहून लावा लागते?"
तांडेलाकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नाही.

येताना बाटली भरून आणली.
कवडू भाऊजींनी घोट घेतला आणि उंबऱ्यावर थुंकले.
शाळेतल्या पोरांनी बोटं बुडवून चाटली,
मग तीच बोटं शेळीनं.
शेळीला समुद्र आवडला.
धुरपता म्हणाली, उरलेलं तळ्यात ओतून देऊ,
भेट होईल दोघांची.
मी नको म्हटलं.
बोटऱ्या, मरळ, वाघूर, सगळी गोड्या पाण्याची मंडळी,
पाहुण्याची सवय नाही त्यांना.

त्या संध्याकाळी मरळ मिळाली, हातभर.
जवस भाजून वाटलं, अंबाडीची वाळकी फुलं टाकली.
रश्श्याला अर्धं पाणी तळ्याचं,
अर्धं समुद्राचं.
मिठाच्या डब्याला हात लावला नाही.
कवडू भाऊजींनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली.
"आज मीठ बराबर पडलं," म्हणाले.
मी भात वाढत राहिले.

त्या बाटलीत आता टोरीचं तेल असतं.
थंडीत गोठतं, मग उन्हात ठेवावी लागते.
सुटलं की मी बाटली आडवी धरते, जराशी हलवते.
एक बोटभर लाट
टोकापर्यंत जाते, परत येते.
पुन्हा जाते.